जुन्या बोट इंजिनच्या ऑईलमध्ये डिझेल उतरलंय, एकदा ऑईल बदलून भागेल का?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

बोटीला दोन सिलिंडरचं जुनं डिझेल इंजिन आहे, वडिलांच्या हातचं. परवा सुरू करण्याआधी डिपस्टिक काढली, तर ऑईल वरच्या खुणेच्याही दोन बोटं वर! महिनाभरात मी थेंबही टाकला नव्हता. चिमटीत चोळून पाहिलं, पाण्यासारखं पातळ आणि डिझेलचा वास. वर्तमानपत्रावर एक थेंब टाकून ठेवला. तासाभराने मधे काळा ठिपका आणि भोवती पिवळसर कडं पसरलेलं. दुधाळपणा अजिबात नाही, त्यामुळे पाणी शिरलेलं नसावं.

आता आठवतंय, आदल्या फेरीत इंजिन तापल्यावर स्लोला (रेस न देता मंद चालताना) ऑईल प्रेशरचा काटा नेहमीपेक्षा खाली होता. गेज जुनं झालं असेल असं वाटलं आणि तसंच दोन तास चालवलं. त्याची फार रुखरुख लागली आहे.

चेंबरचा, म्हणजे ऑईल साठतं त्या तळाच्या भांड्याचा, ड्रेन बोल्ट इंजिनाच्या पोटाखाली आहे, तिथे हातच पोचत नाही. म्हणून डिपस्टिकच्या नळीतून पंपाने ऑईल ओढतो. भरताना ५ लिटर लागतं, पण काढताना साडेचारच निघतं. यावेळी साडेपाच निघालं. म्हणजे तळाला अर्धा लिटर तसलंच ऑईल अजून आहे. ते राहिलं तर चालेल का? एकाने रॉकेल घालून इंजिन धुवायला सांगितलंय, दुसरा म्हणतो जाड ऑईल घाल. आणि बेअरिंग गेली असतील का, हे न उघडता कळेल का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:

आधी एक कळकळीची विनंती. डिझेल कुठून येतंय ते सापडेपर्यंत इंजिन सुरू करू नका. चेंबर असं भरलेलं असताना ते पातळ ऑईल ब्रीदरवाटे (चेंबरमधली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) हवेच्या नळीत ओढलं जातं आणि इंजिन त्याच्यावरच पळत सुटतं. मग डिझेल बंद केलं तरी थांबत नाही, हवाच तोडावी लागते. सुरू कराल तेव्हा हवेच्या तोंडावर घट्ट बसेल अशी फळी जवळ ठेवा. हात किंवा फडकं कधीही लावू नका, आत ओढलं जातं.

जुन्या इंजिनात माझा पहिला संशय ब्लॉकवर बसवलेल्या फीड पंपावर, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपावर. त्याचा डायफ्रॅम (आतला लवचिक पडदा) फाटला की डिझेल सरळ चेंबरमध्ये उतरतं. पंपाचे दोन बोल्ट काढून तो ब्लॉकपासून सुटा करा, डिझेलच्या नळ्या जोडलेल्याच ठेवा आणि हाताने लीव्हर मारा. आतल्या बाजूने डिझेल ठिबकलं तर चोर सापडला. तो कोरडा निघाला तर इंजेक्शन पंपाचं सील आणि नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोटी) तपासा. काही इंजिनांत नोझलची परतीची नळी टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाच्या) आतून जाते, तिचा जोडही बघा.

आता तुमचा अर्धा लिटर. साडेपाच निघालं आणि अर्धा राहिलं, म्हणजे एकूण ६ लिटरमध्ये साधारण १ लिटर डिझेल होतं. त्या हिशेबाने तळाच्या अर्ध्या लिटरमध्ये ८० मिली तरी आहे. नवं साडेचार लिटर घातलंत की ते दीड-पावणेदोन टक्के होतं. एवढ्यावर सोडू नका. नव्या फिल्टरसह साधं पण योग्य ग्रेडचं ऑईल भरा, लोड न देता १०-१५ मिनिटं चालवा आणि गरम असतानाच ओढून काढा. पुन्हा फिल्टर आणि ऑईल नवं घाला. आता उरतं जेमतेम ०.२ टक्के. रॉकेल मुळीच नको. तुमच्या चेंबरमधून सगळं निघतच नाही, मग डिझेलच्या जागी रॉकेल उरेल. जाड ऑईलही नको. मॅन्युअलमध्ये १५डब्ल्यू-४० हा ग्रेड असेल तर तेच घाला.

बेअरिंगसाठी जुना फिल्टर कापून त्याची घडी उलगडा, उन्हात धरून चमक दिसते का पाहा. लोहचुंबकाला न चिकटणारी चमचम असेल तर बेअरिंगचा धातू असू शकतो. मग आधी चेंबर उतरवून बघावं लागेल. नवीन ऑईलवर, इंजिन तापल्यावर, स्लोचं प्रेशर पूर्वीइतकं आलं तर तुम्ही चालवलेल्या त्या दोन तासांनी फार बिघडलं नाही असं समजा.

धागाकर्ता:

दादा, मनापासून आभार. आज फीड पंप सोडवला. तिसऱ्या लीव्हरलाच आतून डिझेलची धार लागली. डायफ्रॅमला काठाशी नखाएवढी चीर आहे. जुना फिल्टरही कापला, काळा गाळ आहे पण चमक नाही. पंपाचा नवा किट बसवून तुम्ही सांगितलं तसं दोनदा ऑईल बदलतो. त्यानंतर किती तासांनी पुन्हा बदलू?

प्रतिसाद:

२५ तासांनी, फिल्टरसकट. तोवर दर फेरीआधी डिपस्टिक पाहा आणि पातळी लिहून ठेवा. ती केसभर जरी चढली तरी सुरू करू नका, इथे कळवा.