शाइन १०० की एचएफ डिलक्स? किनारपट्टीवर चालवणाऱ्यांनी लिहा

मंडळी, गाडी घ्यायची आहे आणि यादी दोन नावांवर येऊन अडली आहे: होंडा शाइन १०० आणि हीरो एचएफ डिलक्स. घर मालगुंडच्या बाजूला, नोकरी रत्नागिरीत मिरजोळे एमआयडीसीत, रोजचा रस्ता आरे-वारेचा. वडिलांना अधूनमधून तपासणीसाठी सिव्हिलला मागे बसवून न्यावं लागतं. आंब्याच्या दिवसांत पेटी-दोन पेट्या असतातच.

यूट्यूबवरचं सगळं पाहून झालंय. स्वतः चालवणाऱ्यांचं ऐकायचंय, तेही खारा वारा आणि चार महिने पाऊस खाणाऱ्या भागातलं. गाडी मागून घेतलेली असली तरी चालेल, भावाची असली तरी चालेल. "थोडे पैसे घाल आणि सव्वाशे सीसी घे" हा सल्ला तेवढा नको. तो द्यायला घरात दोघे जण आहेत.

रत्नागिरी, शिक्षक

माझ्याकडे एचएफ, धाकट्या भावाकडे शाइन. दोन्ही एकाच पडवीत उभ्या असतात, त्यामुळे किल्ली हाताला लागेल ती मी नेतो.

यूट्यूब बंद केलंत ते बरं केलंत, पण कंपनीचा कागद टाकून देऊ नका. दोन्हींचा टॉर्क (म्हणजे ओढायचा जोर) छापलेला सारखाच आहे, ८.०५ न्यूटन मीटर. फरक आहे तो कधी मिळतो त्यात. शाइनला तो इंजिनच्या मिनिटाला ५००० फेऱ्यांवर मिळतो, एचएफला ६००० वर. पॉवरचं उलट: एचएफची ८.०२ पीएस (अश्वशक्ती), शाइनची ७.३८. आता वजन बघा. शाइन ९९ किलो, सेल्फवाली एचएफ ११२. दोन्हींना गिअर चारच. म्हणजे मागे माणूस बसवून आरेचा चढ चढताना शाइन तिसऱ्यात रेटते तिथे एचएफला मी दुसरा टाकतो आणि थोडं जास्त पिळतो. चढते दोन्ही. पण आवाज वेगळा येतो, आणि मागे बसलेल्या वडीलधाऱ्यांना तो आवाज ऐकून उगाच काळजी वाटते.

उलट बाजूही सांगतो. जुलैत खाडीपुलावर आडवा वारा असतो तेव्हा मला एचएफ बरी वाटते. चाकं १८ इंची आहेत, शाइनची १७. खड्ड्यातून जाताना मोठं चाक कमी आपटतं.

बाकी या दोघी मुळात एकाच घरातल्या. १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आली, एचएफचं ९७.२ सीसीचं इंजिन त्याच वंशातलं. २०१० च्या शेवटी घर फुटलं, आणि २०२३ च्या मार्चमध्ये होंडा शंभर सीसीची शाइन घेऊन जुन्या भागीदाराच्याच दारात उभी राहिली. ही भाऊबंदकी कोकणातल्या माणसाला समजावून सांगायला नको.

गुहागर तालुका, आरोग्यसेविका

मी शाइन घेतली. सगळ्यांनी स्कूटर घे म्हणून सांगितलं, पण आमच्या उपकेंद्राच्या वाड्यांवर स्कूटरची लहान चाकं प्रत्येक दगडाला धडकतात.

तुमच्या वडिलांचं वय लक्षात घेऊन सीटच्या उंचीबद्दल लिहिते, कारण त्याबद्दल पुरुष बोलत नाहीत. शाइनची सीट ७८६ मिलिमीटर, एचएफची ८०५. दोन सेंटिमीटरने काय होतं म्हणून माझ्या नवऱ्याने खांदे उडवले होते. पाखाडीच्या (दगडी पायवाटेच्या) तोंडाशी उतारावर थांबायचं, खाली शेवाळलेला जांभा, मागे लसीचा डबा बांधलेला, आणि टेकायचा तो एकच पाय. तिथे पंजा टेकतो की अख्खं पाऊल टेकतं यावर गाडी उभी राहणार की आडवी होणार हे ठरतं.

दुसरी गोष्ट गाडी वळवण्याची. दोन गडग्यांमधल्या (दगडी कुंपणांमधल्या) वाटेत हँडल पुरतं फिरत नाही. खाली उतरायचं, मागचं कॅरिअर धरायचं आणि गाडी जागच्या जागी सरकवायची. एचएफवर मी हे करून पाहिलं आहे (बहिणीची आहे). जमतं, पण दिवसाच्या शेवटच्या घरी पोचेपर्यंत कंबर बोलायला लागते.

धोपाव्याला फेरीबोटीच्या लोखंडी फळीवर पावसाळ्यात कुठलीच गाडी ब्रेक मारून थांबवू नका. पहिल्या गिअरमध्ये, क्लच न धरता, हळू चढा.

हर्णै, मासळीचा धंदा

एचएफ. रोज पहाटे बंदर, मग दापोली. मागे दोन क्रेट.

कुठलीही घे, मीठ तिला खाणारच. वाऱ्यातलं मीठ हळू खातं. क्रेटमधल्या बर्फाचं पाणी जे खाली गळतं ते लवकर खातं. कॅरिअरवरून शॉकॲब्सॉर्बरवर, तिथून चेनवर, आणि चेनच्या बाजूच्या आडव्या नळीत जाऊन साचतं. वरून रंग चकचकीत असतो, आतून पत्रा पापडी होतो. म्हणून क्रेटखाली रबराचा तुकडा टाकून पाण्याला बाहेरच्या बाजूला उतार दिला. घरी आलो की विहिरीच्या गोड्या पाण्याची बादली, आणि चेन सुकली की तेल. प्रेशरचा पंप मी मारत नाही, त्याने चाकाच्या बेअरिंगमध्ये पाणी शिरतं.

तारांच्या चाकाची गाडी घेऊ नको, अलॉयच घे. तारा गंजल्या की चाक डुलायला लागतं आणि चाक नीट ओढून देणारा माणूस आता शोधावा लागतो.

पावसाच्या आधी सायलेन्सरला आणि खालच्या लोखंडाला आमच्याकडे सगळेच जुनं तेल फासतात. वास येतो आठवडाभर. बायको ओरडते. फासायचं.

देवगड तालुका, बागायतदार

प्लॅटिना १०० बघितलीत का? जमिनीपासून २०० मिलिमीटर उंच, तुमच्या दोन्ही १६५-१६८ च्या घरात. टाकी ११ लिटर, या दोघींच्या नऊ-साडेनऊच्या घरात. सीट लांब. कलमांत जायचं तर दुसरा विचारच नको.

रत्नागिरी, शिक्षक

विषय दोन गाड्यांचा आहे हो. पण लांब सीटचं म्हणणं खरं आहे, तेवढं मान्य.

मालवण तालुका, गॅरेजवाला

माझां ग्यारेज आसा म्हणान लिवतंय. लोक येवन इचारतत, "साधी कार्बुरेटरवाली खंयची घेव?" ह्या दोघांत आता तशी खंयचीच नाय रे बाबांनो. २०२० च्या एप्रिलात बीएस सिक्स (धुराचो नवो नियम) इला, तेव्हापासून एचएफय इंजेक्शनवर गेली. शाइन तर जल्माकच इंजेक्शन घेवन इली. तेव्हा "हीरो साधी, होंडा नाजूक" ह्या डोक्यातून काडून टाका.

पुढचं प्रमाण भाषेत लिहितो, नाहीतर रत्नागिरीवाले अर्थ विचारत बसतील.

एचएफचे बरेचसे पार्ट स्प्लेंडरशी जुळतात, म्हणून क्लच वायर, ब्रेक शू, स्प्रॉकेट आमच्या कट्टा गावच्या बाजारातही मिळतात. शाइन नवी आहे. तिचं काही लागलं तर मी तालुक्याच्या गावातून मागवतो, गाडी एखादा दिवस माझ्याकडे राहते. रोज नोकरीला जाणाऱ्याने हा दिवस हिशोबात धरावा. तुमच्या घरापासून जवळचा मेकॅनिक कोण, त्याच्याकडे कुठल्या गाड्या उभ्या असतात, हे एकदा बघून या. त्याच्या हाताला जी सवयीची, ती तुम्हाला स्वस्त पडेल.

ब्रेकबद्दल. दोन्ही गाड्यांना पुढे-मागे ड्रमच येतो. १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना जोडब्रेक २०१९ पासून सक्तीचा आहे: पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. आता माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत काय दिसतं ते सांगतो. मालक मागचा ब्रेक घट्ट करून घेतो, पुढे जाणारी वायर तशीच ढिली राहते. मग पाय दाबला की मागचं चाक एकटंच आवळतं आणि ओल्या उतारावर गाडी शेपूट हलवते. सर्व्हिसिंगला दिली की सांगायचं, दोन्हीकडचं ॲडजस्टमेंट एकत्र करा. आणि मृगाच्या आधी ड्रम उघडून आतली लाल माती झाडून घ्यायची. ती शूवर बसून चकचकीत थर होतो, मग ब्रेक नुसता किंचाळतो, लागत नाही. पॉलिश पेपरने शू घासले की ठीक.

चिऱ्याच्या खाणीच्या रस्त्याने जात असाल तर एअर फिल्टर पुस्तकात लिहिलंय त्याच्या आधी बदला. कागदी फिल्टर पेट्रोलने धुऊन परत बसवणारे महाभाग आहेत. इंजिन त्याची आठवण ठेवतं.

डोंबिवली, गाव राजापूर तालुक्यात

चाकरमान्याचा अनुभव वेगळा असतो म्हणून लिहितो. माझी गाडी गणपती, शिमगा आणि मे महिना एवढीच चालते. बाकीचे दिवस पडवीत ताडपत्रीखाली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष गाडीचा नाही.

इंजेक्शनच्या गाडीला पंप चालवायला करंट लागतो. बॅटरी साफ झोपली की नुसत्या किकवर ती उठेल याचा भरवसा नाही. जुन्या गाडीला आम्ही उतारावर ढकलून चालू करायचो, तो जमाना गेला. आता जाताना बॅटरीची मायनस वायर काढून ठेवतो. पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. आपल्याकडच्या दमट हवेत टाकी अर्धी ठेवून गेलं की वरच्या रिकाम्या जागेतल्या ओलीला आयतं घर मिळतं. म्हणून एक तर टाकी गच्च भरून ठेवायची, नाहीतर शेजाऱ्याला सांगायचं, दर रविवारी बाजारात घेऊन जा. मी दुसरं करतो. गाडीही चांगली राहते आणि शेजारीही.

उंदरांवर उपाय सापडला असेल तर कळवा. सीटखालची वायर दोनदा कुरतडली आहे, डांबरगोळ्यांना ते दाद देत नाहीत.

चिपळूण, दुकानदार

२२ जुलै २०२१ च्या पुरात माझी एचएफ दुकानासमोर पूर्ण पाण्याखाली होती. पाणी ओसरल्यावर आजूबाजूचे सगळे सेल्फ मारून बघत होते. मेकॅनिकने फोनवर एकच सांगितलं, किल्ली लावूच नको. प्लग काढला, ऑइल सोडलं तर दुधाळ पाणी आलं. नवीन ऑइल घालून, थोडा वेळ फिरवून, तेही सोडून दिलं. मग पुन्हा नवीन. फिल्टर, बॅटरी, दोन्ही चाकांची बेअरिंगं बदलली. अजून चालते. शाइनचं मला सांगता येणार नाही, तेव्हा ती बाजारात नव्हती.

लांजा, पिग्मी एजंट

दिवसभर गाडीवरच असतो. आधी एचएफ होती, आता शाइन.

ॲव्हरेजवर भांडणाऱ्यांनी एकदा कागद-पेन्सिल घ्यावी. समजा एक गाडी साठ देते, दुसरी पासष्ट. दिवसाला ५० किलोमीटरला एकीला ८३३ मिलिलिटर लागेल, दुसरीला ७६९. फरक ६४ मिलिलिटर, म्हणजे सहा-सात रुपये. टपरीवरचा चहाही त्यात येत नाही. तेवढ्यासाठी वडिलांना न पटणाऱ्या सीटवर बसवू नका.

पैसे जातात ते दुसरीकडे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, तेव्हा जुन्या कोटेशनवर जाऊ नका, ताजं घ्या. ऑनरोड किमतीमध्ये पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा धरलेला असतो, तो लागतोच. मात्र मी गेलो त्या शोरूममध्ये बिलाच्या तळाला हँडलिंग, कोटिंग, क्रॅश गार्ड, सीट कव्हर अशी शेपटी जोडली होती. एकेक ओळ वाचून "हे नको" म्हणत गेलो. सेल्समन हसला आणि खोडत गेला. पतसंस्थेतलं काम उपयोगी पडलं म्हणायचं. विमा बाहेरून काढायची मुभा असते, दोन ठिकाणचे आकडे मागवा.

शाइन का घेतली विचाराल तर गल्लीबोळात सत्तर वेळा थांबायचं, उतरायचं, चढायचं. हलकी हवी होती. हायवेवर जास्त चालवत असतो तर एचएफ सोडली नसती.

धागाकर्ता, मालगुंड

सगळ्यांचे आभार. काल वडिलांना घेऊनच गेलो. शोरूमवाल्याला म्हटलं, सपाट रस्त्यावर नको, चढ दाखव. दोन्ही गाड्या चढावर मधेच थांबवून पुन्हा उचलल्या, वडील मागे. एचएफवर ते चढताना माझ्या खांद्याचा आधार घेऊन थांबले, पाय फिरवायला त्यांना जरा वेळ लागला. शाइनवर आपसूक बसले, पण मागची पकड थंडगार धातूची आहे, हाताला बोचते म्हणाले. त्यावर सायकलच्या हँडलचं रबर चढवता येईल का, हे आमच्या इथल्या मेकॅनिकला विचारलं. तो म्हणाला, आण, बसवून देतो. त्याच्याकडे तेव्हा तीन स्प्लेंडर आणि एक शाइन उघडून ठेवलेली होती.

शाइन बुक करतोय. फक्त रंग ठरत नाही. लाल पट्टा की निळा?

लांजा, पिग्मी एजंट

लाल. सड्यावरची (कातळाच्या माळावरची) धूळ त्यात खपून जाते.

हर्णै, मासळीचा धंदा

रंग कुठलाही घे, बादलीभर गोडं पाणी रोज लागणारच.