प्रतिसाद: सडपातळ फोन, बॅटरी आणि आपला पाऊस

15,000 रुपयांच्या आत 8 मिलिमीटरपेक्षा कमी जाडीचा फोन सुचवावा, असे आपण विचारले आहे. वरची बहुतेक उत्तरे कॅमेऱ्यापाशीच थांबलेली दिसतात.

जाडी कमी करताना बॅटरीलाच कात्री लागण्याची शक्यता असते. म्हणून जाडीच्या आकड्याशेजारी बॅटरीचा आकडाही वाचावा आणि दिवसभर यूपीआय, नकाशे व व्हॉट्सअ‍ॅप वापरणाऱ्याने शक्यतो 5000 एमएएचच्या (बॅटरीची क्षमता मोजण्याचे एकक) खाली जाऊ नये. सिलिकॉन-कार्बन बॅटरीत तेवढ्याच जागेत अधिक ऊर्जा मावते, त्यामुळे ती असलेला फोन मिळाल्यास त्याला प्राधान्य द्यावे. जाहिरातीतल्या जाडीत कॅमेऱ्याचा उंचवटा सहसा धरलेला नसतो, आणि कव्हर घातल्यावर उरलासुरला सडपातळपणाही जातो!

कोल्हापूरच्या पावसात दुचाकीवर फिरणाऱ्यांनी आयपी मानांकन (धूळ व पाण्यापासून किती संरक्षण आहे ते सांगणारा क्रमांक) जरूर पाहावे: पाण्याच्या बाबतीत आयपी54 म्हणजे केवळ शिंतोड्यांपासून संरक्षण, तर आयपी67 म्हणजे 1 मीटर खोल गोड्या पाण्यात 30 मिनिटांपर्यंत. या किमतीत आयपी67 क्वचितच मिळते, तेव्हा रेनकोटच्या खिशावर विसंबू नये. साठवण (फोनमधली फाइल व अ‍ॅप ठेवण्याची जागा) संथ ईएमएमसीऐवजी वेगवान यूएफएस प्रकारची असावी. राजारामपुरीतल्या एखाद्या दुकानात फोन प्रत्यक्ष हातात धरून, ऑनलाइन दर ताडून मगच पैसे द्यावेत.