मदत हवी आहे: धमकीपोटी केलेला गुन्हा, बचाव टिकेल का?

माझा मामेभाऊ सातपूरला टेम्पो चालवतो. दोघांनी त्याला चोरीचा माल ओझरला पोचवायला लावला. "नाही म्हणालास तर उद्या घरी येऊन बघतो," अशी धमकी. आता तोही आरोपी.

भारतीय न्याय संहितेचं कलम ३२ (जुनं भादंवि, म्हणजे भारतीय दंड विधान, ९४) वाचलं. धमकीमुळे केलेला गुन्हा माफ व्हायला भीती तत्काळ मृत्यूची हवी. कलमातलंच उदाहरण: दरोडेखोरांनी तत्काळ जिवाच्या धमकीने दार फोडायला लावलेला लोहार सुटतो, पण माराच्या भीतीने टोळीत शिरलेला नाही! मग "उद्या"ची धमकी कशात बसते? शिवाय हा बचाव आरोपीनेच सिद्ध करायचा म्हणे. याच्याकडे एक कॉल रेकॉर्डिंग, बस्स. मामी रोज काळारामाला साकडं घालतेय.

नाशिक कोर्टात अशी केस लढलेलं कोणी आहे? निदान शिक्षा तरी कमी होते का?