‘लुडविग म्हणजे श्रुतविग्रह’ : एका व्युत्पत्तीला उत्तर

व्युत्पत्तीवेडा :
परवा श्रीआजोबांनी म्युनिकमध्ये जन्मलेल्या आपल्या नातवाचे नाव लुडविग ठेवल्याची बातमी येथे दिली, त्याबद्दल त्यांचे मनापासून अभिनंदन. मात्र त्याच लेखात ‘लुडविग हा संस्कृत श्रुतविग्रह या शब्दाचा अपभ्रंश असून जर्मनांनी तो आपल्याकडून उचलला आहे, आणि बारशाच्या आमंत्रणावर मी हाच अर्थ छापणार आहे’ असे त्यांनी ठणकावून लिहिले, त्याखाली अभिमानाच्या प्रतिसादांची रांग लागली, आणि मला गप्प बसवेना.

या नावाचे जुने फ्रँकिश, म्हणजे फ्रँक या जर्मानिक टोळीच्या भाषेतील, रूप ‘ह्लुडविग’ असे होते. ह्लुड म्हणजे विख्यात आणि विग म्हणजे युद्ध. यातील ह्लुड आणि आपला श्रुत हे शब्द खरोखरच एका रक्ताचे आहेत. ‘ऐकणे’ या अर्थाच्या एकाच मूळ धातूपासून ते निघाले, कारण ज्याच्याविषयी चार लोकांत ऐकू येते तोच विख्यात. ग्रीकमधील क्लुतोस त्यांचा तिसरा भाऊ. मुळातल्या ‘क’चा जर्मानिक भाषांत, म्हणजे जर्मन-इंग्रजीच्या कुळात, ‘ह’ झाला, हा नियम जर्मन भाषापंडित याकोब ग्रिमने 1822 मध्ये मांडला, आणि संस्कृतात त्याच ठिकाणी ‘श’ आला. म्हणजे हे भाऊ-भाऊ आहेत, बाप-लेक नव्हेत.

‘विग्रह’ म्हणजे युद्ध किंवा भांडण हे खरे, पण त्याचे ‘विग’शी साम्य मात्र निव्वळ योगायोग आहे. तो शब्द वि आणि ग्रह् असा फुटतो. त्यातून ‘विग’ काढायचा तर धातूचा पहिलाच वर्ण तोडून उपसर्गाला चिकटवावा लागेल. जर्मानिक विगचे नाते लॅटिनमधील ‘विन्को’, म्हणजे ‘मी जिंकतो’, याच्याशी आहे.

श्रीआजोबा :
मी एकतीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवले आहे, तेव्हा विग्रह कसा फुटतो हे मला आपल्याकडून शिकण्याची आवश्यकता नाही. अर्धी व्युत्पत्ती आपणच मान्य केलीत, आणि उरलेल्या अर्धीसाठी एवढा थयथयाट चालवला आहे. भाऊ-भाऊ म्हणता, तर त्यांचा तो बाप कोणी पाहिला? ती मूळ भाषा ना कोणी ऐकली, ना तिचा एखादा शिलालेख सापडला. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय पंडितांनी ती कल्पनेने रचली आणि आपण ती मुकाट्याने पाठ केली. इतके प्राचीन वाङ्मय आपले, आणि बाप मात्र दुसराच, हे मला पटत नाही.

व्युत्पत्तीवेडा :
आजोबा, शिलालेख नाही हे खरे. पण आपल्या म्हणण्याप्रमाणे श्रुत हेच मूळ मानले तर त्यातील ‘र’चा ग्रीकमध्ये ‘ल’ झाला, जर्मानिकमध्ये ‘ल’ झाला आणि स्लाव्ह लोकांच्या ‘स्लावा’ म्हणजे कीर्ती या शब्दातही ‘ल’च झाला, हे सर्व एकमेकांना न विचारता घडले असे मानावे लागेल. त्यापेक्षा मुळात ‘ल’ होता आणि तो आपल्याकडे बदलला, असे मानणे सोपे नाही काय? आपले ‘शतम्’ घ्या. त्याचे लॅटिन रूप ‘केंटुम’ आणि जर्मन रूप ‘हुंडर्ट’. ‘क’ मऊ होत ‘श’ झाल्याची उदाहरणे अनेक भाषांत दिसतात, उलटा प्रवास सहसा दिसत नाही. आपल्या शिक्षकीचा मला आदर आहे, परंतु आदर म्हणजे पुरावा नव्हे.

श्रीआजोबा :
‘परंतु’च्या आधी येणारा आदर मला चांगला ओळखता येतो.

तर्ककर्कश :
आपण दोघेही चुकत आहात, कारण ‘विख्यात योद्धा’ हा अर्थच नावाला नंतर चिकटवलेला आहे. जर्मानिक नावे दोन तुकडे जोडून केली जात, आणि ते तुकडे बहुधा घराण्यातून उचललेले असत. गुनहिल्ड या नावाचे दोन्ही भाग युद्धवाचक आहेत, तर फ्रेडेगुंड या राणीच्या नावात शांतता आणि युद्ध शेजारी नांदतात. यांचा समास कसा सोडवणार? ज्याला फ्रेंच लोक क्लोव्हिस म्हणतात, तो 511 मध्ये निवर्तलेला फ्रँक राजा म्हणजेच लुडविग. त्याच्या मुलांची नावे क्लोडोमेर आणि क्लोथार. त्यांत बापाचा अर्धा तुकडा आला. तिसरा शिल्डेबेर्ट, कारण आजोबा शिल्डेरिक.

पुढचा प्रसंग तर याहून बोलका आहे. पुढे फ्रँकांचा सम्राट झालेल्या शार्लमेनच्या वडिलांनी 751 मध्ये क्लोव्हिसच्या वंशातील शेवटच्या राजाला पदच्युत करून गादी बळकावली, आणि 778 मध्ये शार्लमेनला जुळे मुलगे झाले तेव्हा त्याने त्यांची नावे लुडविग आणि लोठार ठेवली. क्लोव्हिस आणि क्लोथार यांचीच ही नावे. हिसकावलेल्या गादीवर जुन्या मालकाच्या नावाचा शिक्का मारण्याचा हा उद्योग होता. त्या बाळांच्या कानात कोणी ‘योद्धा हो’ असे सांगितले नव्हते.

इसारकाठ :
अर्थाचे राहू द्या, आधी उच्चार नीट करा. पंधरा वर्षे मी म्युनिकमध्ये राहत आहे आणि ‘लुडविग’ असा स्पष्ट ‘ग’ मी एकाही जर्मन माणसाच्या तोंडून ऐकलेला नाही. प्रमाण जर्मनमध्ये ते ‘लूटविश’च्या जवळ जाते आणि येथे बव्हेरियात ‘लूटविक’ म्हणतात. आमच्या कार्यालयात या नावाचे दोन सहकारी आहेत; मी पहिल्याच दिवशी मराठी वर्तमानपत्री थाटात ‘लुडविग’ अशी हाक मारली, तेव्हा दोघांपैकी एकानेही मान वर केली नाही. आपण बेटहोफनचे बीथोव्हेन केले, ते तरी किती दिवस चालवणार?

मडगावकरीण :
इसारकाठ, मग आमच्या लुईसचे काय करणार? लुडविगचे लॅटिनमध्ये लुडोविकस झाले, फ्रेंचांनी लुई केले, आणि पोर्तुगिजांबरोबर ते लुईस होऊन गोव्यात आले. पत्रकार लुईस दे मिनेझिस ब्रागांझा यांचे नाव तेच. आमच्या घरात तीन पिढ्या लुईस आहेत आणि आमचे उच्चार कोणत्याही जर्मनाला विचारून ठरलेले नाहीत. माझ्या भावाचे नाव ठेवताना पणजोबांची आठवण निघाली, 1297 मध्ये संतपदाला पोचलेल्या फ्रान्सच्या नवव्या लुई राजाची आठवण निघाली, परंतु युद्धाची कोणालाही आठवण झाली नाही.

इसारकाठ :
लुईस हे वेगळे रूप आहे, त्याला माझी हरकत नाही. जे नाव जर्मन म्हणून लिहिता, ते जर्मनसारखे लिहा, एवढेच माझे म्हणणे आहे.

व्युत्पत्तीवेडा :
मग श्रीआजोबांनी म्युनिकला गेल्यावर एक लिहावे आणि उत्तरेतल्या हॅनोव्हरला गेल्यावर दुसरे, असा आपला सल्ला दिसतो. शब्दाचा इतिहास ‘ग’मध्येच दिसतो, तो तरी राहू द्या. तर्ककर्कश यांचे नाइलाजाने मान्य करतो : तुकड्यांचा अर्थ निश्चित आहे, परंतु त्यांची बेरीज म्हणजे नावाचा अर्थ, असे मी गृहीत धरायला नको होते.

तर्ककर्कश :
नाइलाजाने का होईना, आभारी आहे. बेटहोफनचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो : 1769 मध्ये त्याच्या आईवडिलांना झालेला लुडविग मारिया काही दिवसांतच गेला, आणि पुढच्या वर्षी जन्मलेल्या मुलाला पुन्हा तेच नाव दिले गेले, कारण आजोबांचे नाव लुडविग होते आणि तेच त्याचे धर्मपिताही झाले.

श्रीआजोबा :
वाद घालण्याची इच्छा उरलेली नाही, पण एक गोष्ट लपवणे योग्य होणार नाही. आमच्या जावयांनी हे नाव त्यांच्या आजोबांवरून ठेवले आहे. ते मागील वर्षी वारले. अर्थ मी नंतर शोधला, कारण कन्येने फोनवर नाव सांगितले तेव्हा सौभाग्यवतींनी ‘म्हणजे काय हो?’ असे विचारले आणि मला उत्तर देता आले नाही.

आमंत्रणाचा मजकूर बदलला आहे. त्यावर आता फक्त ‘श्रुत’ एवढाच अर्थ राहील. विग्रह आपण मंडळींनी येथे पुरेसा केला आहे.

इसारकाठ :
आजोबा, मजकूर बदलतच आहात, तर शेवटच्या ‘ग’चेही जरा पाहावे.