स्प्लिट वेगवान, पण रूट चॉइस बरोबर होता का?

प्रश्न: ओरिएंटियरिंगच्या (नकाशा आणि होकायंत्र घेऊन ठरलेली ठिकाणं, म्हणजे कंट्रोल, शोधत धावण्याच्या खेळाच्या) एका लांब लेगवर (दोन कंट्रोलमधल्या टप्प्यावर) मी टेकडीवरून सरळ गेलो, बाकीचे पायवाटेने वळसा घालून. माझा स्प्लिट (त्या टप्प्याला लागलेला वेळ) सर्वांत चांगला आला. मार्ग चांगला निवडला की नुसते पाय पळाले, हे कसं ओळखायचं?

उत्तर: चढाचा १ मीटर म्हणजे सपाटीचे साधारण ८ मीटर धरा. ५ मीटर अंतराच्या सहा समोच्च रेषा चढलात, तर २४० मीटर जादा. वळसा याहून लांब पडत असेल, तर सरळ वाट फायद्याची.

उत्तर: आणि झाडी? नकाशावर हिरवा रंग जितका गडद, तितकं पळणं अवघड. मी लेग नेहमी उलटा वाचते: आधी कंट्रोलजवळचा खात्रीचा अटॅक पॉइंट (सहज सापडणारी खूण), मग तिथवरची वाट. जीपीएसची रेघ, म्हणजे तुम्ही प्रत्यक्ष धावलेला मार्ग, बघा. कंट्रोलभोवती गुंता नसेल, तरच मी नेव्हिगेशन स्वच्छ म्हणेन, स्प्लिट काहीही असो.

प्रश्नकर्ता: सहाच रेषा होत्या, वळसा ३५० मीटर जादा. रेघ आज तपासतो.