तुरुंगातून सुटलेल्यांना कारखान्यात काम: माणसं टिकत का नाहीत?

भोसरीकर: आमची संस्था लहान उद्योजकांच्या संघटनेशी बोलते आहे. येरवड्यातून सुटणाऱ्यांना फॅब्रिकेशन आणि पॅकिंगला घ्यायला चार-पाच मालक तयार आहेत. पण 'ही माणसं दोन महिन्यांत निघून जातात' अशी त्यांची धास्ती. नेमकं अडतं कुठे?

तारीखपेतारीख: सुटणाऱ्यांत शिक्षा भोगून आलेले थोडे, जामिनावरचे कच्चे कैदी (खटला अजून निकाली न निघालेले) जास्त. म्हणून गुन्हा कोणता हे विचारण्याआधी जामिनाचा आदेश वाचा. 'दर सोमवारी ११ ते १ पोलीस ठाण्यात हजेरी' अशी अट असेल, तर पहिल्या पाळीतला माणूस महिन्याला चार खाडे करणारच. मालकाला वाटतं, कामचुकार आहे. हजेरीच्या वारी दुसरी पाळी द्या, नाहीतर वकिलामार्फत अट शिथिल करून घ्या. कोर्टाच्या तारखेला हजेरी माफीचा अर्ज देता येतो, मात्र मंजुरी न्यायाधीशांच्या हातात. जिल्ह्याबाहेर न जाण्याची अट असेल, तर साइटवर पाठवू नका. वकील परवडत नसेल तर मोफत वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण.

कागदवाला: त्याआधी मोबाइल नंबर! आत असताना सिम बंद पडतं आणि काही महिन्यांनी तोच नंबर दुसऱ्या कुणाला दिला जातो. मग आधारचा ओटीपी परक्याच्या फोनवर. बँक खातं, पीएफचा यूएएन (खातेदाराचा कायमचा क्रमांक), सगळं तिथेच अडतं. पगार रोखीत द्यावा लागतो, आणि मालकाचा हिशेबनीस कटकट करायला लागतो. क्रम असा ठेवा: नवं सिम, आधार केंद्रात जाऊन नंबर बदलणं (बोटांचे ठसे लागतात, वेगळा कागद लागत नाही), मग खातं. रुजू होण्याच्या तारखेआधी हे उरकाच. अटकेत जप्त झालेली कागदपत्रं परत मिळवायला कोर्टात अर्ज लागतो, त्यावर विसंबू नका.

भोसरीकर: आणि पोलीस पडताळणी?

तारीखपेतारीख: मोठ्या कंपनीच्या गेटपासला बहुधा लागते, आणि प्रलंबित गुन्हा त्यात दिसतो. तेव्हा ज्यांचं काम स्वतःच्या शेडमध्ये चालतं असेच मालक निवडा. सिक्युरिटी गार्डची नोकरी सुचवूच नका: खासगी सुरक्षा संस्थांच्या २००५ च्या कायद्यानुसार शिक्षा झालेल्याला तिथे ठेवता येत नाही. 'जिव्हाळा' कर्जाचं नावही लोक घेतात. ते आत काम करणाऱ्या बंद्यांसाठी आहे, बाहेर आलेल्याचं भांडवल म्हणून धरू नका.

कागदवाला: पगाराचंही पाहा. १ तारखेला लागलेल्या माणसाला पुढच्या महिन्याच्या ७ ला पगार म्हणजे पाचेक आठवडे बसभाडं उसनं. पहिले दोन महिने आठवड्याला चुकतं करा. तेवढ्यासाठी संस्थेने मालकाला फिरता निधी दिला तरी चालेल. कौशल्य मात्र प्रमाणपत्रावरून ठरवू नका. भंगारातले दोन तुकडे देऊन वेल्ड मारायला सांगा, दहा मिनिटांत कळतं. आणि पूर्वेतिहास मालक व एक सुपरवायझर एवढ्यांनाच माहीत असावा. शेडमध्ये फुटला की पहिल्या हरवलेल्या ड्रिल मशीनचा आळ कुणावर येणार, हे सांगायला नको.

भोसरीकर: हजेरीच्या वारांचा तक्ता आजच मागवतो.