रंग चढलेली नाणी: धुवायची की तशीच ठेवायची?

टाकसाळ्या
आधी माझं मत सांगतो, मग तुम्ही तुटून पडा. चांदीच्या नाण्यावर रंग चढला असेल तर त्याला हात लावू नये. लोक त्याला मळ समजून चोळायला बसतात. तो मळ नव्हेच. हवेतल्या गंधकयुक्त वायूंमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. थर अगदी पातळ असतो तेव्हा सोनेरी दिसतो, मग तांबूस-जांभळा, मग निळा. जाड होत गेला की काळा. म्हणजे वरची थोडी चांदी आधीच त्या थरात गेलेली आहे. थर उतरवलात की तीही गेली, आणि हाती येतं पांढरंफटक, निर्जीव नाणं. टूथपेस्ट नाहीतर भांड्यांची पावडर वापरणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

भिंगवाला
पावडरीबद्दल शंभर टक्के सहमत. ते ओरखडे जन्मात जात नाहीत. पण 'हात लावू नये' हे सोवळं मला पटत नाही. अमेरिकेचे चांदीचे मॉर्गन डॉलर बघा. शंभरावर वर्षं झाली, तरी लखलखीत पांढरे किती मिळतात! त्यातले बरेच कधी ना कधी डिपमधून, म्हणजे रंगाचा थर उतरवणाऱ्या द्रावणातून, निघालेले आहेत, आणि नाण्याचा दर्जा तपासून नंबर देणाऱ्या ग्रेडिंग कंपन्या त्यांना बिनदिक्कत ग्रेड देतात. हलकी, नीट केलेली डिप बाजाराने कधीच स्वीकारली आहे.

टाकसाळ्या
उदाहरण चुकीचं निवडलंत. मॉर्गन डॉलर कित्येक दशकं सरकारी तिजोऱ्यांत पिशव्यांमध्ये पडून होते. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला ते मोठ्या प्रमाणावर बाहेर आले. पिशवीच्या मधल्या भागातले पांढरेच राहिले, कापडाला टेकलेल्यांवर इंद्रधनुष्यी रंग चढले. काहींवर तर कापडाची वीण उमटलेली दिसते! ती वीण डिपमध्ये घालवणार का तुम्ही?

आणि डिप म्हणजे काय? थायोयुरिया आणि आम्ल. नाणं पाडताना ठशाच्या दाबाने धातू कडेकडे वाहतो, त्याच्या बारीक रेषा पृष्ठभागावर राहतात. नाणं प्रकाशात फिरवलं की पट्टे फिरताना दिसतात ते या रेषांमुळे. थर काढता काढता त्या रेषाही झिजतात. एकदा बुडवून कदाचित कळणार नाही. पण प्रत्येक नवा मालक 'एकदाच' बुडवतो.

नवशिक्या
मग अ‍ॅल्युमिनियम फॉइल आणि बेकिंग सोड्याची पद्धत? तिच्यात चांदी जात नाही म्हणतात.

भिंगवाला
तत्त्वतः खरं आहे. सल्फाइडची परत चांदी होते. पण ती मूळ जागी, मूळ घडणीत बसत नाही. नाणं मंद, खडूसारखं दिसतं. चमच्यांना ठीक आहे.

हिरवट
तुम्ही दोघं चांदीतच अडकलात. माझ्याकडे तांब्याची आणि कांस्याची नाणी जास्त. तिथे डिप म्हणजे सत्यानाश, नाणं विचित्र गुलाबी होतं आणि कुणालाही लांबून कळतं. पण 'काहीच करू नका' हा सल्लाही तितकाच घातक. फिकट हिरवी भुकटी दिसली की ब्राँझ डिसीझ समजा. तिच्या मुळाशी क्लोराइड असतं, दमट हवेत ते धातू खात राहतं. नाणं लगेच बाकीच्यांपासून वेगळं आणि कोरडं ठेवा. मौल्यवान असेल तर जाणकाराच्या हाती द्या. जुन्या, स्थिर हिरव्या पॅटिनाला, म्हणजे काळाने चढलेल्या थराला, मात्र खरवडू नका. ती कठीण आणि घट्ट असते, भुकटी सुटत नाही.

दुसरा शत्रू मऊ पीव्हीसी प्लास्टिकची पाकिटं. त्यांतून चिकट हिरवट थर येतो. शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये नाणं बुडवा, तो निघतो. अ‍ॅसिटोन धातूला किंवा टोनिंगला, म्हणजे चढलेल्या रंगाला, लागत नाही. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात भलतंसलतं असतं. आणि खिडकी उघडी, ज्योत लांब! नंतर मायलरची (पॉलिएस्टर फिल्मची) पाकिटं घ्या.

टाकसाळ्या
याला माझा विरोध नाही. परकं काही चिकटलंय ते काढणं वेगळं, धातूचाच थर काढणं वेगळं.

भिंगवाला
रेषा इतकी सरळ नसते. काळा पडलेला थरही नाण्याला खातोच, जाड झाला की खाली खड्डे पडतात. शिवाय तुमच्या रंगप्रेमामुळेच गंधक आणि उष्णता देऊन 'इंद्रधनुष्यी' केलेली नाणी बाजारात येतात. हौशी लोक चढ्या भावाने घेतात, मग पीसीजीएस किंवा एनजीसी या ग्रेडिंग कंपन्यांकडून नंबराऐवजी 'शंकास्पद रंग' असा शेरा घेऊन बसतात.

टाकसाळ्या
नकली रंग वाईट, म्हणून खरा रंग धुवायचा? बरं, एक सांगा. डिप केलेलं नाणं विकताना गिऱ्हाइकाला सांगता का?

भिंगवाला
विचारलं तर सांगतो.

हिरवट
न विचारता सांगा हो. तेवढं एक केलंत तर हा निम्मा वाद मिटेल.

भिंगवाला
आणि उरलेला निम्मा? ज्या नाण्यावरचं तोंडसुद्धा ओळखू येत नाही, ते मी डिप करणारच.